पेनड्राइव्ह उपटू नका, उतरवून घ्या

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

विंडोज १० चे जुने संगणक भंगारात देऊ नका, त्यांच्यावर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत संगणक-प्रणाली) घाला, असं सांगणारा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. लेख पटला. आम्ही तेच केलं आहे आणि त्याचा पश्चात्ताप नाही. मात्र त्यात एक गोष्ट राहून गेली आहे: लिनक्सवर पेनड्राइव्ह ओढून काढण्यापूर्वी तो उतरवून घ्यावा लागतो. ती आमच्याकडेही कुणी सांगितली नव्हती आणि त्याची किंमत एका मुलीने मोजली, म्हणून हे पत्र.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. आमच्या अभ्यासिकेत तीन संगणक आहेत, तिन्ही देणगीत आलेले, ४ जीबी रॅमचे (रॅम म्हणजे संगणकाची तात्पुरती स्मरणशक्ती). विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, ती यांच्यात नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेच्या सुधारणा मिळणं, संपला आणि दिवाळीच्या सुट्टीत माझ्या भाच्याने तिन्हींवर लिनक्स मिंट हा लिनक्सचा एक प्रकार घालून दिला. संगणक पूर्वीपेक्षा हलके चालू लागले. मुलांना मी ब्राउझर दाखवला, लिबरऑफिस हा लेखनाचा, तक्त्यांचा प्रोग्रॅम दाखवला, मराठी कीबोर्ड लावून दिला. पेनड्राइव्ह लावला की खिडकी आपोआप उघडते, तेव्हा त्यात काय शिकवायचं, असं मला वाटलं.

डिसेंबरातल्या एका शनिवारी राज्यसेवेचा अभ्यास करणारी एक मुलगी तिच्या टिपणांची स्कॅन केलेली पानं पेनड्राइव्हवर घेत होती. एकूण दोनशे एमबीच्या आसपास. संगणक सगळ्यांचा असल्यामुळे ‘आपल्या फाइली इथे ठेवून जाऊ नका’ अशी सूचना मीच भिंतीवर लावली आहे. तिने ती पाळली. फाइली कॉपी न करता कट केल्या आणि ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर पेस्ट केल्या. काम किती झालं हे दाखवणारी पट्टी काही क्षणांत भरली आणि नाहीशी झाली. सव्वासहाची एसटी गाठायची होती. तिने पेनड्राइव्ह ओढून काढला आणि गेली.

सोमवारी ती आली तेव्हा पेनड्राइव्हवर फोल्डर होतं, फाइलींची नावंही होती, पण प्रत्येक नावापुढे शून्य बाइट. संगणकावर तर काहीच नव्हतं. “ताई, झालं म्हणून दाखवलं होतं ना,” एवढंच ती म्हणाली. निम्म्या पानांचे फोटो तिच्या फोनमध्ये सापडले. बाकीची पानं तिने परत लिहून काढली.

आमच्याकडे वाचक पुस्तक परत आणतो आणि देवघेवीच्या टेबलावर ठेवतो. त्याच्या दृष्टीने काम संपलं. पण मी नोंदवहीत दाखल क्रमांकापुढे जमा लिहून पुस्तक कपाटात लावेपर्यंत ते जमा झालेलं नसतं. लिनक्समध्ये कॉपीचं तसंच आहे. पेनड्राइव्हवर लिहिणं संथ असतं, म्हणून लिनक्स आलेला मजकूर आधी रॅममध्ये ठेवतो आणि तुम्हाला मोकळं करतो. प्रत्यक्ष लेखन मागाहून, सवडीने. रॅममध्ये पडलेला मजकूर साधारण ३० सेकंद जुना झाला की मग तो डिस्कवर उतरवायचा, अशी नेहमीची मांडणी असते. साठा फार वाढला तर त्याआधीच उतरवायला घेतो, पण दोनशे एमबी म्हणजे फार नव्हे. पट्टी भरली याचा अर्थ पुस्तक टेबलावर आलं, इतकाच.

कट करून पेस्ट केल्याने घात झाला तो यामुळे. पेस्ट झाल्याबरोबर संगणकाने आपल्याकडची मूळ प्रत पुसली. संगणकाच्या आतल्या डिस्कवर फाइली ठेवण्याची बहुधा ईएक्सटी४ नावाची मांडणी असते आणि तिथली नोंद साधारण पाच सेकंदांनी पक्की होते. म्हणजे पुसण्याची नोंद आधी पक्की झाली आणि पेनड्राइव्हवरचं लेखन राहून गेलं. दोन्हीकडून हात रिकामे. तेव्हापासून मी मुलांना सांगते की पेनड्राइव्हवर न्यायचं ते कॉपी करा, पेनड्राइव्ह उतरवून पुन्हा लावा, फाइल उघडून बघा आणि मगच मूळची पुसा.

विंडोजवर इतकी वर्षं काही झालं नाही, मग इथेच का, असं मुलं विचारतात. प्रश्न रास्त आहे. २०१८ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून बाहेरून लावलेल्या ड्राइव्हसाठी झटपट काढण्याची सोय मुळातच चालू ठेवलेली असते. तिथे लेखन असं साठवून ठेवत नाहीत, म्हणून कॉपी संपल्यावर ओढून काढलेला पेनड्राइव्ह बहुतेक वेळा वाचतो. हाताला ती सवय लागली आणि तोच हात लिनक्सवर आला. मुलांचा यात काडीचा दोष नाही.

करायचं काय, तर फार थोडं. फाइलींच्या खिडकीत डाव्या बाजूला पेनड्राइव्हचं नाव दिसतं. त्याच्या शेजारी खाली रेघ असलेला छोटा त्रिकोण असतो, तो दाबायचा. त्याला अनमाउंट म्हणा, इजेक्ट म्हणा. पूर्वीच्या मोठ्या संगणकांवर फितीची रिळं आणि डिस्कच्या चकत्या माणसाला हातानं यंत्रावर चढवाव्या लागत, तिथून माउंट हा शब्द आला. आम्ही अभ्यासिकेत चढवणं आणि उतरवणं असंच म्हणतो, मुलांना लगेच कळतं. त्रिकोण दाबल्यावर राहिलेलं लेखन पुरं होतं. त्याला कधी दोन सेकंद लागतात, मोठा व्हिडिओ असेल तर चार-पाच मिनिटंही. मजकूर लिहिला जात आहे, काढू नका, असा निरोप येतो. तो जाऊन काढायला हरकत नाही असा निरोप येईपर्यंत थांबायचं. काही पेनड्राइव्हना दिवा असतो, तो लुकलुकत असेल तर हात लावायचा नाही. फिरत्या तबकडीची बाहेरची हार्ड डिस्क असेल तर सुरक्षित काढण्याचा पर्याय निवडायचा आणि तबकडीचा आवाज थांबू द्यायचा.

कधीकधी पेनड्राइव्ह उतरायला नकार देतो, वापरात आहे असं सांगतो. खोलीत माणूस बसलेला असताना बाहेरून कडी लावता येत नाही, तसंच ते. पेनड्राइव्हवरची एखादी फाइल लिबरऑफिसमध्ये उघडी असते, नाहीतर गाणं चालू असतं. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, वापरणारा स्वतःच त्या फोल्डरात उभा असतो, हे कारण तर नवख्याच्या ध्यानातही येत नाही. उघडं असेल ते बंद करा, टर्मिनलमध्ये ‘सीडी’ लिहून बाहेर या आणि पुन्हा प्रयत्न करा. वैतागून ओढू नका.

टर्मिनलची आवड असलेल्यांसाठी थोडं. ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा दिली की जोडलेल्या सगळ्या डिस्क आणि त्यांचे आकार दिसतात. आपला पेनड्राइव्ह आकारावरून ओळखावा. आज त्याला एसडीबी हे नाव मिळालं म्हणून उद्याही तेच मिळेल असं नाही. इथे विंडोजसारखी ड्राइव्हला ई किंवा एफ अशी अक्षरं नसतात. आमच्या मिंटवर चढवलेला पेनड्राइव्ह ‘मीडिया’ फोल्डरात वापरणाऱ्याच्या नावाखाली दिसतो. उतरवायची आज्ञा ‘यूमाउंट’ (umount) आहे, ‘अनमाउंट’ नव्हे. तिच्या स्पेलिंगमध्ये यू नंतर एन नाही, आणि या एका अक्षरापायी पुष्कळ नवखे अडतात. नुसतं ‘सिंक’ (sync) लिहून एंटर दाबलं तरी साठलेला मजकूर डिस्कवर जातो. पुढची ओळ आली की लेखन झालं असं समजावं, मात्र त्यानंतरही उतरवायचं असतंच.

एखाद्याने ओढून काढलाच, तर नंतर त्यावर नवीन काही लिहू नये. आधी जे वाचता येईल ते दुसरीकडे घ्यावं. मग ‘डिस्क्स’ या प्रोग्रॅममध्ये पेनड्राइव्ह उतरवलेल्या अवस्थेत फाइलव्यवस्था तपासण्याचा आणि दुरुस्तीचा पर्याय असतो, तो वापरावा. पेनड्राइव्हची मांडणी त्याने ठीक होते. जे लिहिलंच गेलं नव्हतं, ते मात्र त्याने परत येत नाही.

माझी विनंती अशी की लिनक्स घाला म्हणून सांगणाऱ्या प्रत्येक लेखात या त्रिकोणाचं चित्र छापावं. शाळांना आणि वाचनालयांना लिनक्सचे संगणक देणाऱ्या दात्यांनी आणि ते बसवून देणाऱ्या तरुणांनी निघण्यापूर्वी पाच मिनिटं थांबून समोरच्या माणसाकडून एकदा पेनड्राइव्ह चढवून आणि उतरवून घ्यावा. नुसतं दाखवू नये, त्याच्या हातानं करवून घ्यावं. आमच्या तिन्ही संगणकांच्या पडद्याखाली मी आता त्रिकोण काढून चिठ्ठी चिकटवली आहे, आणि भिंतीवरच्या जुन्या सूचनेखाली ‘आधी कॉपी, मग उतरवणं, मग खात्री, मग पुसणं’ अशी ओळ वाढवली आहे. त्या ओळीचं अक्षर त्याच मुलीचं आहे.

आपली नम्र,
एक ग्रंथपाल, जि. सातारा