निकाल लागायच्या आधीचं आभारपत्र

ताई,
स. न. वि. वि.

लेकीचे दोन्ही अर्ज गेले. एक दिल्लीला, जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या बी. ए. ऑनर्स जपानीसाठी. दुसरा जपान सरकारच्या मोनबुकागाकुशो शिष्यवृत्तीसाठी. दोन्हीकडून अजून काही कळलेलं नाही. कळलं की पेढे घेऊन नौपाड्याला तुमच्या जपानीच्या क्लासवर जाऊ, आभार तेव्हाच मानू, असं घरात चाललं होतं. मला ते पटलं नाही. पेढ्यांबरोबर मानलेले आभार निकालाचे असतात. मला ज्याबद्दल आभार मानायचे आहेत ते काम तुमच्या हातून कधीच होऊन गेलंय.

पत्र चारचौघांत लिहितेय ते आमच्यासारख्या घरांसाठी. ठाण्यात, ऐरोली-कोपरखैरण्यात अशी घरं असणारच, जिथे मूल म्हणतं मला जपानी शिकायचंय, आणि आईवडील एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. तुमचं नाव मात्र लिहीत नाही. तुम्हाला ते आवडायचं नाही.

दहावीच्या सुट्टीत आम्ही दोघं पहिल्यांदा तुमच्याकडे आलो. तोवर लेक तुमच्या क्लासला येत होती आणि आम्ही फी भरत होतो, एवढाच संबंध. कला शाखा घ्यायची आणि पुढे जपानीच करायचं, असं तिने जाहीर केल्यावर आम्ही धावत आलो. बसल्या बसल्या मी विचारलं, याला स्कोप आहे का? हा प्रश्न तुम्हाला आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी विचारत असणार. तरी तुम्ही तो टाळला नाहीत, आणि गोड उत्तरही दिलं नाहीत. जपानीच्या परीक्षेच्या पायऱ्या एन५पासून वर एन१पर्यंत, त्यातल्या खालच्या एन५, एन४वर कोणी नोकरी देत नाही, म्हणालात. पदवी झाली तरी सोबत एन२ लागेल. जपान सरकारने रोजच्या वापरासाठी ठरवलेली कांजी, म्हणजे चिनीतून आलेली चित्रासारखी अक्षरंच २,१३६ आहेत, तिथल्या मुलांचं सगळं शाळकरी वय त्यात जातं. सहा महिन्यांत जपानी बोलायला लावतो असं कोणी म्हणालं तर तिथून उठून या.

मग ह्यांनी बुलेट ट्रेनचा विषय काढला. आमच्या घणसोली-शिळफाट्याच्या बाजूला तेव्हा सगळ्यांच्या तोंडी तोच विषय होता: २१ किलोमीटरचा बोगदा, त्यातले ७ किलोमीटर ठाणे खाडीखालून, जपानी तंत्रज्ञान, म्हणजे जपानी येणाऱ्यांची चलती. तुम्ही शांतपणे सांगितलंत, की तिथे लागतात ते इंजिनिअर. दुभाषे थोडेच लागतात, आणि त्यांना काँक्रीट, सिग्नल, खोदाई यांचे शब्द दोन्ही भाषांत तोंडपाठ हवेत. मुलीला त्यात रस असेल तर तो रस्ता चांगला आहे. नसेल तर ट्रेनकडे बघून भाषा निवडू नका. आम्हाला इतकं सरळ बोलणारं माणूस तोवर भेटलं नव्हतं. त्याच आठवड्यात एका सल्लागाराने ‘परदेशी शिक्षणाचं पॅकेज’ आमच्यापुढे ठेवलं होतं. अर्जातलं ‘मला हेच का शिकायचंय’ हे टिपणही ते तयार करून देणार होते. तुमच्याकडे तो विषय निघाला तेव्हा तुम्ही एवढंच विचारलंत, मुलाखतीला कोण बसणार आहे?

आणि जाता जाता एक वाक्य बोललात, त्यावर आमचं कॉलेज ठरलं. कला शाखा घे, पण गणित सोडू नकोस. कारण मोनबुकागाकुशोच्या पदवी शिष्यवृत्तीला मानव्यविद्येच्या मुलांनाही जपानी आणि इंग्रजीबरोबर गणिताचा पेपर असतो. बारावीनंतर हे कळून काय उपयोग होता? कला शाखेत गणित देणारं कॉलेज आम्ही शोधून काढलं, ते त्या एका वाक्यामुळे. मी पतपेढीत दिवसभर लोकांचे अर्ज तपासते. वेळेवर सांगितलेल्या एका अटीची किंमत मला कळते.

आता त्या संध्याकाळबद्दल, जिच्यामुळे खरं तर हे पत्र लिहावंसं वाटलं.

सासूबाईंना ठाण्यात डॉक्टरांकडे दाखवून आम्ही लेकीला न्यायला तुमच्याकडे आलो होतो. सासूबाई खुर्चीत टेकल्या आणि म्हणाल्या, ती चित्रं कशी पाठ होतात गं पोरींना? तुम्ही विजेच्या बिलाची मागची कोरी बाजू घेतलीत आणि पेन्सिलीने देवनागरीतच लिहिलंत: अ, इ, उ, ए, ओ. त्याखाली: क, स, त, न, ह, म, य, र, व. म्हणालात, जपानी मुलं त्यांची अक्षरं या क्रमाने म्हणतात. सासूबाईंनी चष्मा पुढे ओढला, ओळीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, ही तर आपलीच मुळाक्षरं, मधली गाळलेली!

तुम्ही त्यांना सगळं समजावून सांगितलंत. बौद्ध ग्रंथांबरोबर संस्कृत लिहायची आपली जुनी सिद्धम् लिपी चीनमार्गे जपानला कशी गेली, तिथल्या भिक्षूंनी संस्कृतचे उच्चार कसे घोकले, आणि कंठापासून ओठांपर्यंत वर्ण मांडायची आपली रीत त्यांच्या अक्षरांना कशी लागली. सिद्धम् अक्षरं आजही तिथल्या स्मशानांत मृतांच्या नावाने उभ्या केलेल्या लाकडी फळ्यांवर लिहिली जातात, हे ऐकून सासूबाई गप्पच झाल्या. चौथीपर्यंत शिकलेल्या आहेत त्या. त्यांच्याशी तुम्ही ज्या अदबीने बोललात, तेवढ्यासाठीसुद्धा मी हे पत्र लिहिलं असतं.

लेक मात्र कागदावरून नजर काढेना. तिने विचारलं, न आणि म यांच्या मध्ये ह कसा आला? तिथे प हवा ना?

तुम्हाला उत्तर माहीत होतं. ते तुमच्या चेहऱ्यावर मला दिसलं. पण तुम्ही म्हणालात, चांगला प्रश्न आहे, शोध.

पुढचे कितीतरी दिवस आमच्या घरात तो एकच प्रश्न होता. पाठ्यपुस्तकांत उत्तर नव्हतं. मग तिने वाचायचा सपाटा लावला आणि एका रात्री आम्हाला उठवून सांगितलं, की जपानीतल्या ह-ओळीचा उच्चार फार पूर्वी प होता! म्हणून ती ओळ बरोबर प-वर्गाच्या जागी बसलीय. आणि स आहे तो च-वर्गाच्या जागेवर. खूण अजून लिपीतच शिल्लक आहे, ह-च्या अक्षराच्या खांद्यावर बारीकसं वर्तुळ काढलं की आजही त्याचा प होतो. तिने ते दोन-तीनदा काढून दाखवलं. सासूबाईंना सकाळी पुन्हा सांगितलं.

त्या दिवसापासून तिच्या बोलण्यातला जपान बदलला. बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू ७३६ साली जपानला पोचला आणि ७५२ साली नारा शहरातल्या तोदाइजी मंदिरातल्या महाबुद्धाच्या मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी त्याच्या हातून झाला, हे ती जेवताना सांगायची. आपली सरस्वती तिथे बेन्झाइतेन म्हणून कशी पुजली जाते, ते सांगायची. वाकायामातल्या कोयासान विद्यापीठाच्या आवारात बाबासाहेबांचा पुतळा आहे, २०१५ साली बसवलेला, हे कळल्यावर तर ह्यांनी स्वतः नकाशा काढून कोयासान शोधलं. आमच्या घरात त्याआधी जपान म्हणजे गाड्या, कॅमेरे आणि शिस्त एवढंच होतं.

अर्जातलं टिपण तिने आधी सगळे लिहितात तसंच लिहिलं होतं. शिस्तप्रिय देश, चेरीची फुलं, परंपरा आणि आधुनिकता यांचा संगम. तुम्ही एकही ओळ खोडली नाहीत. प्रत्येक वाक्यापुढे समासात पेन्सिलीने लिहिलंत, ‘तू कुठे पाहिलंस?’ ज्या वाक्याला उत्तर नव्हतं ते तिने स्वतःच काढलं. ॲनिमेचं वाक्यही ती काढायला निघाली होती, ते मात्र तुम्ही थांबवलंत. त्यात तुला काय ऐकू आलं ते लिही, म्हणालात. मग तिने लिहिलं, की एकच पात्र आईशी, मास्तरांशी आणि मित्राशी बोलताना क्रियापदाचं रूप कसं बदलतं, ते ती वहीत उतरवून ठेवायची. ती वही खरंच आहे, गणिताची चौकटीची, अर्ध्या भागात कांजी गिरवलेल्या. शेवटी टिपणात उरलं ते असं: ही वही, विजेच्या बिलामागची ती ओळ, ह-चा प्रश्न, आणि सिद्धम् लिपी जपानमध्ये कशी टिकली ते शिकायची इच्छा. अख्खा कागदही भरला नाही. ते वाचून मला पहिल्यांदा खात्रीने वाटलं, की माझ्या मुलीला काय हवंय ते तिला माहीत आहे. अर्ज तिने लिहिला आणि तो तिचाच राहिला, हे तुमचं आमच्यावर मोठं ऋण आहे.

पैशांबद्दलही तुम्ही असंच उघड बोललात. तुम्ही लिहून दिलेला कागद अजून फ्रिजवर आहे. शिष्यवृत्ती मिळाली तर एक वर्ष भाषेची तयारी आणि चार वर्षं पदवी, फी माफ, महिन्याला १,१७,००० येन. स्वतःच्या खर्चाने जायचं तर तिथल्या राष्ट्रीय विद्यापीठांची प्रमाणित फी वर्षाला ५,३५,८०० येन, प्रवेशाचे २,८२,००० वेगळे, राहणं-खाणं त्यावर. विद्यार्थ्याला आठवड्याला २८ तास काम करायची परवानगी मिळते, पण त्या कमाईवर शिक्षण होईल असा हिशेब मांडू नका, याखाली दोन रेघा मारल्यात. पतपेढीत कर्जाचे कागद बघताना मला वाटतं, प्रत्येक घराला असा एक कागद कोणीतरी लिहून द्यायला हवा.

आणि दिल्लीला तुम्ही कधी दुय्यम म्हणू दिलं नाहीत. इथे पदवीला जपानी शिकणाऱ्यांनाही वर्षभर जपानी विद्यापीठात शिकायला नेणारी शिष्यवृत्ती तेच सरकार देतं, हे आम्हाला तुमच्यामुळे कळलं. जपानी शिकायला पुण्याला टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आहे, शांतिनिकेतनात निप्पॉन भवन आहे, हेही. तिच्यापुढे एक दार न ठेवता चार ठेवलीत, म्हणून निकालाची वाट बघताना घरात कोणी घाबरलेलं नाही.

कागदपत्रांबद्दल फार लिहीत नाही. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव पुढे, पासपोर्टवर वेगळीच मांडणी, आणि एका दाखल्यावर आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. ते तुमच्या नजरेने वेळेत पकडलं. वाशीच्या बोर्डातून मायग्रेशन सर्टिफिकेट वेळेवर आणलं तेही तुमच्या सांगण्यावरून. या सगळ्या मदतीचे पैसे द्यायला निघाले तेव्हा तुम्ही म्हणालात, क्लासची फी घेते, याची नाही.

एक गोष्ट तुम्हाला कधी बोलून दाखवली नाही. लेक मराठी माध्यमाची. अकरावीपासून तिला प्रत्येक ठिकाणी ते जाणवून दिलं गेलं, कधी हसून, कधी कीव करून. तुमच्या क्लासमध्ये मात्र तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलंत, की जपानी वाक्य इंग्रजीतून उलटंपालटं करत बसू नका, मराठीतून शिका, आपलंही क्रियापद शेवटी येतं आणि आपलेही प्रत्यय नामाच्या मागे लागतात. त्या दिवशी ती ठाणे स्टेशनवरून ऐरोलीपर्यंत उभ्याने आली आणि घरात शिरता शिरता मला म्हणाली, आई, मला सोपं जातंय! तिच्या आवाजात असा ताठा मी बऱ्याच दिवसांनी ऐकला. त्याबद्दल काय म्हणू, ताई. मनापासून आभार.

शनिवारी ती नेहमीप्रमाणे क्लासला येईलच. डिसेंबरच्या एन२चा फॉर्म भरायचा आहे, दिल्ली होवो वा न होवो. सासूबाईंनी तुमच्यासाठी लिंबाचं लोणचं घातलंय, ते तिच्याबरोबर पाठवते. आणि आमच्या सोसायटीतल्या एका नववीच्या मुलाच्या आईने तुमचा नंबर मागितलाय. देऊ का, तेवढं कळवा.

लोभ आहेच, तो असाच राहू द्यावा.

आपली,
एका विद्यार्थिनीची आई
ऐरोली, नवी मुंबई