गणपतीला येताना जुना फोन घेऊन या

सप्रेम नमस्कार. मुंबई-पुण्याच्या चाकरमान्यांना आणि वाडीवाडीतल्या ग्रामस्थांना आपल्या महिला ग्रामसंघाची विनंती.

गेल्या वर्षी आपण व्यसनमुक्तीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला आणि तो फसला. व्हिडिओ सगळे बाटलीचे नि सिगारेटचे. दातांना लावायच्या भाजक्या तंबाखूचं, म्हणजे मशेरीचं, नावही नाही. बायकांचे म्हणून जमवलेले नंबर बरेचसे नवऱ्यांचे, नाहीतर मुलांचे. एकीनं ‘मला सोडायचीय’ असं बोलून पाठवलं, तर उत्तर तिच्याआधी घरच्यांनी ऐकलं. चेष्टा झाली. ती पुन्हा बोलली नाही. चूक आमचीच.

२०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले ३५.५ टक्के पुरुष आणि १७ टक्के बायका तंबाखू घेणाऱ्या निघाल्या. बायका विडी-सिगारेट क्वचितच ओढतात, त्यामुळे पोस्टरवर त्या दिसतच नाहीत. स्वतःला वापरायला मोबाइल असलेल्या बायका २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यात ५४.८ टक्केच. आणि मशेरीला व्यसन म्हणतो कोण? दाढ दुखली की आजीच बोटावर देते. मग ती लावल्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही. तव्यावर तंबाखू भाजायला घेतली की घरभर ठसका, तरी गरोदर सुनेच्या उशाशी डबी असते. बाळ कमी वजनाचं होण्याचा धोका त्यातूनच वाढतो.

आता ग्रुप नको. बाईनं मिस्ड कॉल द्यायचा. दुपारी भांडी आटपून ती टेकली की आपल्याकडून फोन जाईल. दोन-तीन मिनिटं, आपल्याच बोलीत. मेसेज नाही, फोटो नाही, नाव विचारायचं नाही. जिच्याकडे फोनच नाही, तिला सीआरपीताईंच्या, म्हणजे बचत गटांचं काम बघणाऱ्या आपल्या गावातल्या ताईंच्या, घरी बसून ऐकता येईल. पोरांचं वेगळं: ‘एक घे रे, बायकांसारखं काय करतोस’ म्हणणाऱ्या मित्राला काय उत्तर द्यायचं, ते त्यांच्याच वयाचा मुलगा रात्री ऑडिओतून सांगेल. पुढचा सल्ला हवा असेल त्याला १८००-११-२३५६ ही सरकारी मोफत तंबाखूमुक्ती हेल्पलाइन जोडून देऊ.

त्यासाठी चालू स्थितीतले जुने स्मार्टफोन हवेत, चार्जरसकट, आपले फोटो पुसून. वर्षभराच्या रिचार्जला रोख मदतही चालेल. पावती ग्रामसंघाच्या बैठकीत मिळेल, हिशोब ग्रामसभेत वाचू.

सर्वांत जास्त गरज आवाजांची आहे. मशेरी सोडलेल्या बायांनो, तुमच्या घरी येऊन, दार लावून रेकॉर्डिंग करू. गणपतीचे दिवस सोडून कधीही, तुम्ही सांगाल त्या वेळी.