आधी अंगठे, मग मंजुरी

महोदय,

‘एकाने हुकूम सोडायचा, बाकीच्यांनी ऐकायचं, म्हणूनच चीन पुढे गेला’ अशा सुराची पत्रं या सदरात अधूनमधून येतात. नोकरीत असताना खरेदीच्या निमित्ताने मी अकरा वर्षं दक्षिण चीनमधल्या शेन्झेन या कारखान्यांच्या शहराच्या वाऱ्या केल्या. तिथल्या झगमगाटाने मीही दिपलो होतो. तरी ही मांडणी मला उलटी वाटते.

डिसेंबर १९७८ मध्ये आन्हुई प्रांतातल्या शियाओगांग या उपाशी गावात १८ शेतकऱ्यांनी गुपचूप एका कागदावर अंगठे उठवले. सामूहिक जमीन घरटी वाटून घ्यायची, सरकारचा वाटा भरायचा, उरेल ते आपलं. बिंग फुटून कोणी तुरुंगात गेलाच, तर त्याची मुलं १८ वर्षांची होईपर्यंत बाकीच्यांनी सांभाळायची. आर्थिक सुधारणांची सुरुवात कम्युनिस्ट पक्षाच्या ज्या बैठकीपासून मोजतात, ती त्याच महिन्यातली. आणि तिथल्या शेतीविषयक मसुद्यात अशा घरटी वाटपाला चक्क मनाई होती! पीक मात्र भरघोस आलं. प्रांताचे पक्षप्रमुख वान ली यांनी पाठीशी घातलं म्हणून निभावलं. बीजिंगची पूर्ण मान्यता मिळायला १९८२ उजाडलं. गावोगावच्या छोट्या कारखान्यांचंही तेच. ते आमच्या ध्यानीमनी नव्हते, अशी कबुली चीनचे तेव्हाचे सर्वोच्च नेते खुद्द देंग शियाओपिंग यांनी १९८७ मध्ये दिली. देंग यांचं श्रेय मी नाकारत नाही. चाललेलं बघून त्यांनी चालू दिलं, हेही थोडं नाही.

राजकारणात मात्र तसं चालू दिलं नाही. गावसमित्यांच्या निवडणुकांचा कायदा १९८७ मध्ये आला, पण त्या निवडणुका वरच्या पायरीवर काही चढल्या नाहीत. २०१८ मध्ये तर राष्ट्राध्यक्षपदाची दोन कार्यकाळांची मर्यादाही घटनेतून गेली.

आमचा माल तपासून देणारी बाई हुनान प्रांतातली. शेन्झेनमध्ये नऊ वर्षं राबूनही तिचा ‘हुकोऊ’, म्हणजे रहिवासाची सरकारी नोंद, गावचाच. मुलीला शहरातल्या सरकारी शाळेत प्रवेश मिळेना, म्हणून ती गावी आजीकडे. वसंतोत्सवात, म्हणजे चिनी नववर्षाच्या सुट्टीत, कारखाना बंद झाला की आमचा माल रखडायचा आणि मी चिडून फोन करायचो. वर्षातून तेवढेच दिवस तिला मुलगी भेटते, हे मला फार उशिरा कळलं. याची तक्रार केलीत का, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, “मत गावाला, राहणं इथे. कुठल्या खिडकीवर जाऊ?”

– एक निवृत्त खरेदी अधिकारी