संशोधन केंद्रातल्या चित्रांचा पावसाळा कोण सांभाळणार?

संपादक महाशय,

कालच्या अंकात समुद्राचा अभ्यास करणाऱ्या संशोधन केंद्रात सुरू होणाऱ्या कला उपक्रमाची बातमी वाचली: कलाकाराने तिथे राहून चित्रे काढायची आणि ती केंद्रात लावायची. कल्पना उत्तम आहे, मनापासून स्वागत. पण बातमीत उद्घाटन आहे, पाहुणे आहेत, चित्रे कुठल्या व्हरांड्यात लागणार तेही आहे. उपक्रम चालवणार कोण, किती महिने आणि कुठल्या खोलीत, यावर मात्र एक ओळ नाही.

गोव्यातल्याच दुसऱ्या एका केंद्रात असा उपक्रम झाला होता. तिथली जलरंगातली चित्रे पहिल्याच गणेश चवथीपर्यंत बुरशीने खाल्ली. फ्रेमची निविदा निघाली, त्यात वर्णन एवढेच: 'काच व लाकडी चौकट, मध्यम आकार'. सर्वांत कमी दर ज्याचा, त्याला काम. त्याने कागद थेट काचेला टेकवला, मागे एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा) तुकडा ठोकला आणि चित्र सेलोटेपने चिकटवले. एमडीएफ ओल पिते आणि फुगते, सेलोटेपचा डिंक कालांतराने पिवळा डाग पाडतो. त्यात चित्रे टांगली पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर, जी जूनपासून पाझरते. एसी साडेपाचला बंद. मग बाहेरची दमट हवा आत शिरते, थंड काचेवर पाणी धरते आणि ते काचेला चिकटलेल्या कागदात उतरते. रोज रात्री हेच, शनिवार-रविवार तर दोन दिवस सलग. अशा भिंतीवर कुठला कागद टिकेल?

हे टाळायला खर्च फार नाही, निविदेत चार ओळी नीट लिहाव्या लागतात. आम्लमुक्त माउंट, म्हणजे चित्राला आधार देणारा पुठ्ठा. काच आणि कागद यांच्यात निदान तीन ते पाच मिलिमीटर अंतर. चित्र टेपने नव्हे, जपानी कागदाच्या पट्टीने आणि गव्हाच्या खळीने वरून टांगलेले. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराचे किंवा बुचाचे तुकडे, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यातून हवा खेळते. चित्रे आतल्या भिंतीवरच, आणि जलरंगांवर उजेड मंद, ५० लक्सच्या (उजेडाचे माप) आसपास. जून ते सप्टेंबर सगळी कागदावरची चित्रे उतरवून एका लहान खोलीत ठेवायची, जिथे आर्द्रता ५० ते ५५ टक्के राहील. ६५च्या वर गेली की बुरशी आलीच. ओल शोषणारे यंत्र घेतात, पण त्याची पाण्याची टाकी चार-पाच लिटरची असते. शनिवारी रात्री ती भरते, यंत्र आपोआप थांबते आणि सोमवारी खोली बाहेरच्याइतकीच कोंदट. टाकीऐवजी नळी लावून पाणी थेट गटारात सोडायचे आणि आर्द्रतामापीची नोंद रोज कुणीतरी वहीत करायची. हे 'कुणीतरी' नेमले नाही, म्हणूनच ती चित्रे गेली.

कलाकाराची खोलीही अशीच कुठेही देता येत नाही. समुद्राच्या पाण्यातले जस्त काही प्रयोगशाळांत नॅनोग्रॅमच्या मापात मोजतात. शेजारच्या खोलीत झिंक व्हाइटची, म्हणजे जस्तापासूनच केलेल्या पांढऱ्या रंगाची पूड उडाली तर त्या महिन्याचे नमुने वाया. टर्पेंटाइनचा वासही सेंद्रिय रसायने मोजणाऱ्या यंत्राला चालत नाही. म्हणून खोली वेगळ्या इमारतीत, वेगळ्या हवेची. पहिल्या दिवशी सुरक्षेची माहिती, आणि काय दाखवायचे नाही याचा लेखी करार: अप्रकाशित निष्कर्षांची चित्रे शोधनिबंध छापून येईपर्यंत बाहेर जाऊ नयेत, चित्रांचा हक्क मात्र कलाकाराचाच.

आणि कृपा करून कलाकाराला जूनमध्ये बोलावू नका. पावसाळ्यात लहान होड्या नांगरलेल्या असतात, नमुने येत नाहीत, आणि त्याच्या हाती फक्त कागदपत्रे पडतात. ऑक्टोबर ते मार्च हाच काळ, निदान तीन महिने. प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव पाहायचे तर ते जाळ्यातून काढल्यावर काही तासांत, बर्फावर ठेवलेल्या बशीत. त्यातले पृष्ठभागाजवळचे काही कोपेपॉड (कोळंबीच्या जातकुळीतले बारीक जीव) जिवंत असताना सुंदर निळे असतात. टिकवण्यासाठी फॉर्मेलिनमध्ये टाकले की प्रथिनाशी बांधलेला रंग सुटतो आणि ते केशरी पडतात, सुंगटे (कोळंबी) शिजवल्यावर लाल होतात तसेच. मग रंग फिकट होत जातो. कपाटातल्या बाटल्या पाहून काढलेले चित्र म्हणजे मेलेल्याचे चित्र. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या छायाचित्रांत तर मुळात रंगच नसतो, रंगवलेली प्रत लावली तर खाली तसे लिहावे.

हे सगळे सांभाळायला पूर्णवेळ माणूस लागतो. जनसंपर्क विभागाकडे जादा काम म्हणून दिलेला उपक्रम २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या पोस्टर स्पर्धेपुढे जात नाही. जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत २०१२ पासून निवासी कलाकार येतात आणि त्यांना जोडीला शास्त्रज्ञ ठरवून दिलेले असतात. आपल्याकडे तसा शास्त्रज्ञ नेमलाच, तर त्याचे आठवड्याचे दोन तास वार्षिक मूल्यमापनात धरले पाहिजेत. नाहीतर निबंधाची मुदत जवळ आली की तो दिसेनासा होतो, आणि त्याला दोष कसा देणार? मुंबईत टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) हिच्या संग्रहासाठी होमी भाभांनी स्वतः चित्रे निवडली. त्यात गोमंतकीय कुळातले चित्रकार वासुदेव गायतोंडे आहेत. म्हणजे गोव्याच्या चित्रकाराला विज्ञानाच्या इमारतीत जागा मिळणे नवे नाही, ती नीट मिळाली पाहिजे.

जाता जाता तुमच्याकडेही एक तक्रार. कालच्या छायाचित्राखाली पाच मान्यवरांची नावे पदांसह आहेत. त्यांच्यामागे टांगलेले चित्र कुणाचे, ते छापलेले नाही. चित्रकार उजवीकडून दुसरा उभा आहे आणि तुम्ही त्याला 'आदी' म्हटले आहे. उद्याच्या अंकात त्याचे नाव द्यावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, ताळगाव