तात्या, तुमचं नाव न लिहिता

तात्या,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांनी वाचावं म्हणून लिहितेय, पण ते कोणाला लिहिलंय हे कुणाला कळणार नाही. तसा शब्द दिलाय तुम्हाला. जमीन खरेदीची ती बातमी छापून आली तेव्हा वर माझं नाव होतं. तुमचं कुठेच नव्हतं, आणि निम्म्याहून जास्त काम तुमचं होतं.

मी पहिल्यांदा तुमच्या पडवीत आले तेव्हा वहीत नुसती बोलणी होती. प्रकल्पाची कुणकुण लागलेल्या बाहेरच्या लोकांनी आधीच सडे, म्हणजे डोंगरावरची कातळाची मोकळी माळरानं, मातीमोलाने घेतले, असं जो तो सांगत होता. छापण्याजोगा कागद एकही नव्हता. तुम्ही चहा दिलात आणि म्हणालात, "कागद मी देणार नाही. कुठला मागायचा, ते सांगतो." तेव्हा मला रागच आला. सारी नोकरी तलाठी म्हणून काढलेला माणूस इतकंही करत नाही? पुढे कागद चोरल्याचा आरोप माझ्यावर करायला निघाले, तेव्हा कळलं तुम्ही मला कशापासून वाचवलं होतं. माझ्याकडच्या प्रत्येक पानावर अर्जाचा क्रमांक आणि कचेरीचा शिक्का होता.

माझा माहिती अधिकाराचा पहिला अर्ज आठवतो? "गावातील सर्व जमीन व्यवहारांची माहिती मिळावी." तुम्ही तो बाजूला ठेवलात. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर बसवावा लागतो. तेव्हा नोंदवहीचं नाव, गाव, साल, क्रमांक लिही, म्हणजे पळवाट उरत नाही, असं शिकवलंत. जुन्या हस्तलिखित सातबारावर कंसात गेलेलं, म्हणजे कमी झालेलं नाव कसं वाचायचं, शेजारच्या वर्तुळातला आकडा धरून गाव नमुना सहा या वहीतला फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याची नोंद, कशी गाठायची, हे तुम्ही बोट ठेवून दाखवलंत. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावला आणि ३० दिवस थांबले. उत्तर आलं: अभिलेख आढळून येत नाही.

मी रडकुंडीला आले होते. तुम्ही शांतपणे म्हणालात, "फेरफाराची वही अशी टाकून देता येत नाही. नष्ट केली असेल तर नष्ट केल्याची नोंद माग." तेच पहिल्या अपिलात लिहिलं. सुनावणीच्या आधीच वही सापडली.

मग ती दुपार. चाळीसेक फेरफार पसरून बसलो होतो. मी नावं बघत होते, तुम्ही तारखा. एका वारस नोंदीवर तुमचं बोट थांबलं. नोटीस काढल्यापासून हरकतीला १५ दिवस द्यावे लागतात, इथे नवव्या दिवशी नोंद प्रमाणित झाली होती. मयताच्या बहिणीचं नाव वारसांत नव्हतंच, आणि पुढच्याच आठवड्यात खरेदीखत. मग तशाच आणखी दोन सापडल्या. दुय्यम निबंधकाकडून इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या खरेदीखतांचे गोषवारे, काढले तर खरेदीदार वेगवेगळे, पण त्यांच्या वतीने सही करणारा कुलमुखत्यार प्रत्येक वेळी एकच. गावातली कुजबुज त्या दुपारी बातमी झाली.

त्या दिवशी मी तुम्हाला फिलिपिन्सबद्दल सांगितलं होतं. २००० साली तिथल्या 'फिलिपीन सेंटर फॉर इन्व्हेस्टिगेटिव्ह जर्नालिझम'च्या पत्रकारांनी राष्ट्राध्यक्ष जोसेफ एस्ट्राडा यांच्याशी जोडलेल्या आलिशान घरांचा माग काढला. घरं कंपन्यांच्या नावावर होती. त्यांनी कंपन्यांच्या नोंदणीचे आणि जमिनीचे कागद काढले आणि एस्ट्राडांनी स्वतः जाहीर केलेल्या मालमत्तेशी ते ताडून पाहिले. हे सारं महाभियोगात पुढे आलं, आणि जानेवारी २००१ मध्ये एस्ट्राडांना पायउतार व्हावं लागलं. तुम्ही ऐकून म्हणालात, "म्हणजे त्यांनीही इंडेक्स टूच काढले." तालुक्याच्या गावात बसून मी एकटीच धडपडतेय, असं त्यानंतर मला कधी वाटलं नाही.

मी घाईत होते. ज्याच्या नावाने सगळे कागद बोलत होते त्याला न विचारताच बातमी पाठवणार होते. तुम्ही अडवलंत. प्रश्न लिहून दे, पोच घे, आठ दिवस थांब. त्याने पाचव्या दिवशी उत्तर दिलं आणि त्यात एक व्यवहार खरंच सरळ होता. तो बातमीतून काढला. तो तसाच छापला असता तर बाकीचं खरं असूनही कुणी मानलं नसतं.

भीतीबद्दलही लिहायला हवं. ६ फेब्रुवारी २०२३ ला राजापुरात पत्रकार शशिकांत वारिसे यांना गाडीने चिरडलं. दुसऱ्या दिवशी ते गेले. ज्याच्याबद्दल त्यांनी बातमी लिहिली होती, त्याच्यावरच हत्येचा आरोप आहे. रिफायनरीचा प्रदेश, जमिनीचे व्यवहार, कोकणातला एकटा बातमीदार, सगळं अगदी ओळखीचं. त्यानंतर आई मला दाराबाहेर सोडायला तयार नव्हती. तुम्ही आमच्याकडे आलात, तिच्याशी तासभर बोललात, पण हे काम सोड असं तुम्ही मला म्हणाला नाहीत, आणि कर असंही नाही. कागदांच्या प्रती तीन जागी ठेवायला लावल्यात, गावात जाताना जायची-यायची वेळ कळवायला लावलीत. मी परतल्याचा फोन येईपर्यंत तुम्ही जेवायचा नाहीत, हे मला काकूंकडून फार उशिरा कळलं.

यासाठी आभार कसे मानायचे, मला खरंच माहीत नाही.

ते तीन फेरफार प्रांतांनी पुन्हा तपासायला घेतलेत. नाव गाळलेल्या त्या आजींना या वेळी नोटीस हातात मिळाली. ती घेऊन त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "हे शोधून काढणारा माणूस कोण गो? त्याच्या घरी शहाळी पोचवायची आहेत." मी सांगितलं नाही. शहाळी माझ्याकडे ठेवून गेल्यात. रविवारी अंधार पडल्यावर घेऊन येते.

तुमची,
पडवीतली विद्यार्थिनी