नैराश्याचा विमा दाखल होणाऱ्यांपुरताच

जागतिक मानसिक आरोग्य दिनानिमित्त (१० ऑक्टोबर) आपल्या अंकात आलेला नैराश्यावरील लेख वाचला. ‘संकोच सोडा, डॉक्टरांकडे जा’ हा सल्ला योग्यच. पण त्यानंतर येणाऱ्या खर्चाबद्दल लेखात अवाक्षर नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २१(४) नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने संरक्षण द्यायला हवे. कागदावर ते मिळालेही आहे. प्रत्यक्षात बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे देतात, आणि नैराश्याचे बहुसंख्य रुग्ण कधी दाखल होतच नाहीत. ते नोकरी सांभाळून डॉक्टरांकडे जातात, समुपदेशन घेतात आणि बरे वाटू लागल्यावरही कित्येक महिने गोळ्या चालू ठेवतात. मीही त्यांतलाच एक. हा सारा खर्च खिशातून होतो आणि पैसे कमी पडले की आधी समुपदेशन थांबते. विमा नियामकाने बाह्यरुग्ण उपचारांचा समावेश मूळ पॉलिसीतच सक्तीचा करावा. तोवर अशा लेखांसोबत आपण निदान एक चौकट छापावी: राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत आणि ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मराठीतूनही, उपलब्ध आहे.

– एक वाचक, सातारा (नाव न छापण्याची विनंती)