लाल रेघेखालचे शब्द

महोदय,

साताऱ्यात वकिलांकडे मी ३१ वर्षे इंग्रजी टंकलेखन केले. आता नातीच्या संगणकावर ‘कलर’मध्ये ‘यू’ घातला की खाली लाल रेघ उमटते. यंत्र अमेरिकी वळणावर ठेवलेले, आणि चूक म्हणे माझी! तिकडे हा ‘यू’ घालवण्यात मोठा वाटा असलेल्या कोशकार नोआ वेबस्टरने १८२८च्या कोशात ‘टंग’ (जीभ) हा शब्दसुद्धा टी-यू-एन-जी असे छापले होते, ते मात्र अमेरिकेनेही झिडकारले. आपले भारतीय ‘प्रीपोन’ (ठरलेली वेळ अलीकडे आणणे) ऑक्सफर्डच्या कोशात आहे, तरी शेजारचे मास्तर त्याभोवती गोल काढतात. ‘को-ब्रदर’ मी मुद्दाम तसाच ठेवायचे. साडूला नुसते ‘ब्रदर-इन-लॉ’ लिहिले, तर वाटपाच्या दाव्यात तो दीर की मेहुणा, हे कोर्टाने ओळखायचे कसे?

– एक निवृत्त टंकलेखिका, सातारा